समुद्रावर जाऊनही दमूनच परत येतो, काय चुकतं?

पत्र : आम्ही आठ जण. मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, सासू-सासरे, दीर आणि जाऊ. डिसेंबरात एका शनिवारी दिवेआगरला अख्खा बंगला भाड्याने घेतला होता. स्वयंपाकघर होतं म्हणून घरूनच शिधा नेला आणि मी नि जाऊ ओट्यापाशीच उभ्या राहिलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात. न्हाणीघरात उतरायला दोन उंच पायऱ्या होत्या, त्या भीतीने त्यांनी पाणीच कमी प्यायलं. रात्री शेजारच्या बंगल्यात एक वाजेपर्यंत स्पीकर. रविवारी दहाला घर सोडलं, सामान गाडीत घालून हरिहरेश्वर केलं आणि संध्याकाळी माणगावला अडकलो. घरी पोचायला रात्रीचे अकरा. आता फेब्रुवारीत पुन्हा जायचं चाललंय. एक दिवस रजा मिळेल. सासूबाईंना तिखट चालत नाही, धाकट्याला घाटात उलट्या होतात. मला फक्त आराम हवाय. घर कसं निवडू, काय विचारू, की जाऊच नको?
— स. कु., कोथरूड, पुणे

उत्तर :

ताई, जरूर जा आणि दिवेआगरलाच जा. गाव सपाट आहे, घरं आगरांमध्ये, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांत, सावलीत आहेत, पुण्याहून अंतर साधारण १६० किलोमीटर आहे आणि रस्ता आता तुमच्या ओळखीचा झालाय. दोन रात्रींसाठी याहून लांब जाऊ नका. गुहागर, गणपतीपुळे सुंदरच आहेत, पण तिथे जायला किमान तीन रात्री हव्यात. नाहीतर एक दिवस जाण्यात नि एक येण्यात संपतो.

तुमच्या पत्रात थकव्याची दोन कारणं स्पष्ट दिसतात : तास कमी पडले आणि स्वयंपाक तुमच्या गळ्यात पडला. बाकीचं त्यामानाने किरकोळ आहे.

आधी तासांचं बघू. किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांत दुपारी बाराला प्रवेश आणि सकाळी दहाला घर रिकामं करायचं, अशी रीत असते. म्हणजे शनिवार-रविवार मिळून घर तुमच्या हातात बावीस तास. त्यातले आठ झोपेचे, पाच-सहा स्वयंपाकाचे. उरलेल्या आठ तासांसाठी तुम्ही जाऊन-येऊन दहा-बारा तास गाडीत बसलात. म्हणून ती एक रजा शुक्रवारची घ्या, सोमवारची नको. शुक्रवारी पहाटे सहाला चांदणी चौक सोडला तर पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, मोर्बा, साई, म्हसळा, बोर्ली पंचतन असं करत, न्याहरीचा थांबा धरून, अकराच्या सुमाराला पोचाल. शुक्रवारी दुपारी बारा ते रविवारी सकाळी दहा म्हणजे छेचाळीस तास. रजा एकच लागली, पण घर दुपटीहून जास्त वेळ मिळालं. आणखी एक दिवस काढता आला तर रविवार ते मंगळवार बघा. रविवारी दहानंतर गाव रिकामं व्हायला लागतं, भाडंही बहुधा उतरतं, आणि शेजारच्या स्पीकरचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

रविवारी न्याहरी झाली की थेट पुण्याचा रस्ता धरा. वाटेत देवदर्शन नको, किल्ला नको. माणगावच्या बाजारात तुमचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो आणि रविवारी दुपारनंतर अख्खं कोकण मुंबईकडे परत निघालेलं असतं. दहाला निघालात तर साडेअकरा-बारापर्यंत माणगाव मागे पडतं आणि जेवायला घाटाच्या वर असता.

आता स्वयंपाकघर. घर भाड्याने घेताना ‘पूर्ण स्वयंपाकघर उपलब्ध’ हे वाक्य सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात ते घरातल्या बायकांसाठी कामाचं आमंत्रण असतं. आठ माणसांचा नुसता चहा धरा. दिवसातून तीनदा म्हणजे चोवीस कप, दोन-अडीच लिटर दूध आणि तीन वेळा कपबशांचा ढीग. त्यात परक्या घरात चमचा कुठे नि गाळणं कुठे हे शोधणं आलं, एका बर्नरची आच मंद असते, कुकर गळका असतो. तेव्हा असं घर शोधा जिथे मालकांचं कुटुंब त्याच आवारात राहतं आणि जेवण करून देतं. दिवेआगरला ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. कोकणात हे जुनंच आहे. तुमच्यासाठी स्वयंपाकघर एवढंच असावं : एक शेगडी, चहाचं भांडं, फ्रीज. रात्री मुलाला दूध गरम करता येईल आणि सासऱ्यांना पहाटेचा चहा. बस.

जेवणाचं ठरवताना फोनवर मोघम बोलू नका. किती माणसं, किती वेळा, कोण शाकाहारी, कोणाला तिखट चालत नाही, हे एका संदेशात लिहून पाठवा. सासूबाईंसाठी ‘कमी तिखट’ एवढंच लिहिलं तर सगळ्यांच्याच रश्शातलं तिखट जरा कमी होतं नि त्यांना ते तरीही लागतंच. त्यापेक्षा पदार्थाचं नाव द्या : दोन्ही रात्री मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, वर तूप, सोबत ताक. हे कुठल्याही घरात होतं आणि कोणाला जड जात नाही. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या संध्याकाळीच माणशी आकडा सांगावा लागतो, कारण नारळ खवणं, सारण, उकड हे सगळं पहाटे सुरू होतं. ऐन वेळी सांगितलं की मोदक येतात, पण तळणीचे.

मासे मिळणं समुद्रावर अवलंबून असतं, म्हणून ‘पापलेटच हवं’ असा हट्ट धरू नका. सकाळी जवळच्या भरडखोल गावच्या होड्यांना काय लागलं ते विचारा आणि तेच करायला सांगा. स्वतः मासे आणून करून घेणार असाल तर वजनाचा अंदाज असू द्या. एक किलो अख्खी सुरमई डोकं, शेपटी, आतडी काढल्यावर पाऊण किलोच्या आतच भरते. तुम्हा आठांत दोघं-तिघं मासे खात नसतील तर दीड किलो एका जेवणाला पुरे. करून देण्याचे पैसे किलोमागे किती ते आधीच विचारून घ्या. हिशेबावरून कुरबूर सुरू होते ती इथेच.

हे सगळे फोन तुम्ही करायचे नाहीत. नवऱ्याने किंवा दिराने करावेत, आणि तिथे पोचल्यावरही जेवणाचं बोलणं त्यांच्याकडेच राहू द्या. नाहीतर स्वयंपाक करणाऱ्या मावशी दर दोन तासांनी पडवीत येऊन ‘ताई, भाकऱ्या किती?’ असं तुम्हालाच विचारणार आणि डोकं पुन्हा ओट्यावरच अडकणार. निघण्याआधी घरात हे मोकळेपणाने बोला. सासूबाईंच्या देखत बोललात तर उत्तम. त्यांनाही कळेल की खिचडीची सोय झालेली आहे आणि सुनेला काही करायचं नाहीये.

घर ठरवण्याआधी मालकांना एकच गोष्ट मागा : फोनवर व्हिडिओ चालू ठेवून फाटकापासून समुद्रापर्यंत चालत जाऊन दाखवा. तीन गोष्टींचा निकाल त्यात लागतो. घर खरंच आहे का आणि बोलणारा माणूस तिथेच राहतो का, हे कळतं. इंटरनेटवरचे फोटो उचलून आगाऊ रक्कम घेणारे भामटे असा व्हिडिओ दाखवू शकत नाहीत. ‘समुद्राला लागून’ म्हणजे किती पावलं तेही कळतं. दिवेआगरला घरं आणि पुळण (समुद्राकाठची वाळू) यांच्यामध्ये आगरं, मग सुरूचं बन, मग कोरडी भुसभुशीत वाळू येते. गच्चीवरून समुद्र दिसतो म्हणजे सासूबाई तिथपर्यंत चालू शकतील असं नाही. आणि वाटेत शेजारी काय आहे तेही दिसतं. त्याच आवारात चार खोल्यांच्या तीन इमारती असतील तर शांतता मिळणार नाही. ‘त्या दिवशी आवारात आणखी कोण उतरणार आहे, रात्री दहानंतर स्पीकर बंद करवता का?’ असं थेट विचारा. ज्यांना स्वतःलाच तिथे झोपायचं असतं ते मालक ठाम उत्तर देतात. दुसऱ्या गावी राहून नोकरावर घर सोडलेले मालक ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतात.

व्हिडिओ चालू असतानाच न्हाणीघर दाखवायला सांगा. कोकणातली घरं पावसामुळे उंच जोत्यावर असतात. चिऱ्याच्या तीन-चार पायऱ्या, कधी एकेक नऊ इंचांची, आणि त्यांना कठडा नसतो. नवीन बांधलेल्या खोल्यांत जोतं कमी, पण न्हाणीघराची जमीन खोलीपेक्षा खाली आणि फरशी गुळगुळीत. फोटोत पायरीची उंची कळत नाही, म्हणून पायरीशेजारी बादली ठेवायला सांगा. साधी बादली साधारण फूटभर उंच असते, त्यावरून पायरीचा अंदाज येतो. कमोड आहे का, त्याच्या बाजूला हात टेकायला भिंत आहे का, हे बघा. बरोबर एक रबरी जाळीची चटई आणि प्लगमध्ये लावायचा छोटा रात्रदिवा न्या. तो सासूबाईंच्या पलंगापासून न्हाणीघराच्या वाटेवर लावा. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल मागून ठेवा. सासूबाई पाणी प्यायला घाबरणार नाहीत, एवढंच साधायचंय.

मग विजेचं. ‘इन्व्हर्टर आहे’ याचा अर्थ दिवे आणि पंखे चालतात, एसी नि गीझर नाही. विहिरीवरचा पंपही चालत नाही, आणि खरी अडचण होते ती इथे. वरची टाकी हजार लिटरची असली तर आठ माणसं, समुद्राचं खारं पाणी धुणं आणि दोन संडास यांत ती एका दिवसात रिकामी होते. त्यात वीज पाच-सहा तास गेली की नळ कोरडे. म्हणून टाकी रोज केव्हा भरतात ते विचारा आणि पोचल्या पोचल्या प्रत्येक न्हाणीघरात एक बादली भरून ठेवा. वाळू अंगणातल्या नळावरच धुवायची असा मुलांना नियम घाला. ती आतल्या मोरीत गेली की जाळी तुंबते आणि पाणी खोलीत येतं.

पिण्याचं पाणी वेगळं ठरवा. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. बोअरवेल खोल जाते, म्हणून ती बहुधा आधी बिघडते. फेब्रुवारीत त्रास कमी, एप्रिल-मेमध्ये जास्त. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, चहा बेचव लागतो आणि तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली लागते. आठ जणांना दिवसाला वीस-चोवीस लिटर धरा, म्हणजे वीस लिटरचे तीन जार दोन दिवसांना पुरतात. ते आधीच आणून ठेवायला सांगा. सासूबाईंच्या खिचडीलाही तेच पाणी वापरायला सांगायला विसरू नका.

आगाऊ रक्कम अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका. यूपीआयवर दिसणारं नाव बोलणाऱ्या माणसाचंच आहे का ते पाहा, आणि तारीख, माणसं, रात्री, जेवण, उरलेली रक्कम हे सगळं संदेशात उतरवून त्यांचं ‘हो’ घ्या.

तारीख ठरवताना मात्र पंचांग उघडा, कारण समुद्र केव्हा कसा असेल हे तिथीवरून कळतं. कोकणातला जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण बेत आखायला पुरेसं आहे. आता द्वादशी घ्या. बाराची पाऊणपट नऊ. सकाळी सातला पाणी चढतं असतं, नऊला भरती पूर्ण होते. मुलांना गुडघाभर पाण्यात खेळायला हीच वेळ चांगली, ऊनही कोवळं असतं. दुपारी तीनला ओहोटी. संध्याकाळी पाच-साडेपाचला पुळणीवर ओली, घट्ट वाळू अजून उघडी असते. त्या वाळूत पाय रुतत नाही, आणि सासूबाईंना चालायला तीच हवी. गुडघे दुखणाऱ्यांना कोरडी वाळू छळते. ती वीस-तीस पावलांची पट्टी दोघांच्या आधाराने पार करून द्या आणि पुढे एक घडीची खुर्ची घेऊन जा.

म्हणून एकादशी ते त्रयोदशीच्या आसपासचा शुक्रवार-शनिवार शोधा. शुक्ल पक्ष असेल तर रात्री अंगणात चांदणंही मिळेल. सासूबाईंची एकादशी असेल तर तेवढं मालकांच्या कानावर घाला, म्हणजे खिचडी साबुदाण्याची होईल. अष्टमीच्या आसपास मात्र नेमकं उलटं होतं. भरती सहा वाजता, म्हणजे सकाळी सातला पाणी उतरणीला लागलेलं आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला चढलेलं. ओहोटी लागल्यावर मुलांना पाण्यात सोडू नका, कारण लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि सहा वर्षांचं मूल क्षणात बसतं. मोठ्यांनीही कमरेच्या पुढे जायचं कारण नाही. ओढीत सापडलंच कोणी, तर किनाऱ्याकडे सरळ न झगडता किनाऱ्याला समांतर हात मारत बाजूला व्हायचं. ओढीचा पट्टा अरुंद असतो.

हरिहरेश्वर आणि जंजिरा दोन्ही यादीतून काढा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून आहे, उतार तीव्र आहे आणि ती फक्त ओहोटीतच करावी लागते. सासूबाईंना ती जमणारी नाही. जंजिरा म्हणजे दिघीपर्यंत गाडी, मग होडी, उन्हात किल्ला आणि पुन्हा होडी : अर्धा दिवस गेला. शनिवारी फक्त सुवर्णगणेशाचं मंदिर आणि रूपनारायणाची मूर्ती बघा. दोन्ही गावातच आहेत. रूपनारायणाची मूर्ती सावकाश बघण्यासारखी आहे. गर्दी व्हायच्या आत, सकाळी लवकर जा.

मुलांना कंटाळा येईल या भीतीने आपण गाडी काढतो. त्याऐवजी शनिवारी संध्याकाळी पोपटी लावा, म्हणजे मडक्यात शेंगा भाजा. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा येतात, फेब्रुवारीत त्या अजून मिळतात. आठ जणांना सव्वादोन-अडीच किलो शेंगा, पाच-सहा छोटे बटाटे, आठ अंडी, मूठभर जाडं मीठ, दोन चमचे ओवा. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा (एका वासाच्या रानझुडपाचा) पाला दाबून भरायचा, त्यावर शेंगांचा थर, मीठ-ओवा, मध्ये बटाटे नि अंडी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाला गच्च. पाणी अजिबात घालायचं नाही, शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. मडकं उपडं ठेवून भोवती सुक्या काटक्या, पेंढा, झावळ्या पेटवायच्या आणि अर्धा-पाऊण तास जाळ सगळीकडून सारखा ठेवायचा. एका बाजूने जाळ कमी पडला तर तिकडच्या शेंगा कच्च्या राहतात, म्हणून मडक्याभोवती फिरत राहावं लागतं आणि मुलं त्यात रमतात. मडक्यावर पाण्याचे थेंब मारले नि चुर्र होऊन लगेच उडाले की झालं. मडकं फोडू नका, काठीने सरळ करून पाला ओढून काढा. मालकांना दोन दिवस आधी सांगितलं तर मडकं, पाला, शेंगा सगळं तेच आणून देतात. जागाही त्यांनाच विचारा. सुरूच्या बनात, वाळल्या पानांवर जाळ करायचा नाही. त्या रात्री सासूबाईंची खिचडी सोडली तर वेगळं जेवण लागत नाही, आणि शेंगा सोलायला सगळ्यांचेच हात लागतात.

धाकट्याच्या उलट्यांसाठी : निघताना दूध देऊ नका, कोरडी खारी किंवा पोळीचा तुकडा द्या. ताम्हिणी सुरू व्हायच्या आधी मोबाइल काढून घ्या आणि त्याला समोरचा रस्ता दिसेल असा बसवा. औषध द्यायचं तर तुमच्या डॉक्टरांना मात्रा विचारून, घाटाच्या अर्धा तास आधी. ज्येष्ठांची रोजची औषधं दोन दिवसांची जास्त घ्या. श्रीवर्धनला आणि माणगावला सरकारी रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. गाडी माडाखाली लावू नका, नारळ काचेवर पडतो. आणि ती वाळूवर तर नेऊच नका. चाक रुततं, भरती थांबत नाही, शिवाय याच दिवसांत या किनाऱ्यांवर समुद्री कासवांची अंडी वाळूखाली असतात.

शनिवारी दुपारी जेवणानंतर दोन ते पाच हा वेळ तुमचा. मुलं आजोबांकडे आणि काकाकडे. पोफळींच्या सावलीत झोपाळा किंवा बाजलं असेल तर तिथे पडा, नसेल तर पडवीत चटई टाका. जाऊबाईंनाही तेच सांगा. हे घरून निघण्याआधीच ठरलेलं असू द्या, तिथे गेल्यावर ठरत नाही.

रविवारी ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा आणि ती पिशवी डिकीत सगळ्यात वर ठेवा. घरी पोचल्यावर तीच आधी मशीनमध्ये जाईल. वाळू सुकल्यावर झटकून पडते, म्हणून मुलांच्या चपला रात्रीच अंगणात उपड्या घाला. आणि रविवारच्या रात्रीचं जेवण शुक्रवारी निघण्याआधीच कोथरूडच्या तुमच्या पोळीभाजीवाल्या काकूंना सांगून ठेवा. आठ माणसांच्या पोळ्या, एक भाजी, वरणभात, संध्याकाळी सातला.